सोसायटीचं खत

कोथरूडला दातांच्या डॉक्टरांकडे नंबर लागायची वाट बघत बसलो होतो. समोरच्या बाकावर एक बाई आणि त्यांच्या सोसायटीचे सेक्रेटरी.

“परचुरेसाहेब, यंदा तुमच्याकडे टोमॅटो पाठवले नाहीत.”

“म्हटलं, रागावलात की काय.”

“आलेच नाहीत. सोसायटीचं खत घातलं आणि सगळी पानं द्रोणासारखी वळली.”

“अहो, ते खत घरचं आहे. आपल्याच हिरवळीचं कापलेलं गवत.”

“त्याच हिरवळीवर तुम्ही तणनाशक मारलंत.”

“म्हणून तर तिथे एक तण दिसत नाही.”

“माझ्या गच्चीतही दिसत नाही. टोमॅटोही दिसत नाही.”

“पण खतामुळेच कशावरून?”

“मुलगा हिंजवडीला आहे, त्याने इंटरनेटवर वाचून सांगितलं. दोन कुंड्यांत मेथी पेरली. नुसत्या मातीतली छान वाढली. तुमचं खत घातलेली उगवतानाच वेडीवाकडी.”

“मग मला येऊन सांगायचं.”

“आले होते. तुम्ही दारातूनच म्हणालात, सभेत मांडा.”

“पद्धत आहे ती. उरलेलं पोतं कुठे आहे?”

“खताच्या खड्ड्यापाशी परत ठेवलं होतं. काल तुमच्या मिसेस घेऊन गेल्या, गुलाबांना घालायला.”

“माझ्या गुलाबांना? पुढच्या महिन्यात प्रदर्शन आहे! अहो, थांबवायचं ना त्यांना!”

“थांबवलं. म्हटलं, हे खत घालू नका, झाडं जातील.”

“मग?”

“त्या म्हणाल्या, सभेत मांडा.”