ऑरिनचा श्वास, लाईलची गाडी

लाईल : काल संध्याकाळी मी गावच्या माशाची शेपटी उडवली. झालं, सांगितलं. आता मी काही बोललोच नाही असं समज आणि हे हॉटडिश घे.

ऑरिन : कोण गेलं?

लाईल : कुणी गेलेलं नाही.

ऑरिन : शनिवारी सकाळी आठला सख्खा भाऊ बटाट्याचं हॉटडिश घेऊन दारात उभा राहतो, तेही गरम, म्हणजे कुणीतरी गेलेलं असतं. ते आपण दुखवट्याच्या घरीच नेतो. मार्सी बरी आहे ना?

लाईल : बायको ठणठणीत आहे. तिनेच केलंय. रात्री तिला सगळं सांगितलं. पहाटे उठली आणि बटाटे किसायला बसली. तेव्हा कळलं मला, प्रकरण वाईट आहे.

ऑरिन : मासा म्हणजे तळ्याकाठचा पुतळा? वीस फुटी?

लाईल : आता अठरा.

ऑरिन : कुणाला लागलं?

लाईल : नाही. शेपटी बाकावर पडली, बाक रिकामं होतं. तुला घरी सोडलं आणि पुढच्याच वळणावर. माशाचा दोष नाही म्हणा, तो काही आडवा आला नाही. पन्नास वर्षं तिथेच आहे.

ऑरिन : किती झाल्या होत्या?

लाईल : चार ब्रँडी.

ऑरिन : माझ्यासमोर तीन झाल्या होत्या.

लाईल : तू संडासात गेलास तेव्हा एक.

ऑरिन : आणि गाडी मी चालू करून दिली.

लाईल : तू फक्त बटण दाबलंस रे.

ऑरिन : फक्त? सरकारने नव्या गाड्यांना नाक बसवलं ते तुझ्यासारख्यांसाठी. बटणावर बोट ठेवायचं, समोर श्वास सोडायचा, दारूचा वास आला की गाडी ठप्प. सतरा शुक्रवार झाले, बारमधलं मासळीचं जेवण झालं की बोट माझं, श्वास माझा. मग आपण दोन साठीचे बाप्ये आतल्या आत जागा बदलतो.

लाईल : चालकाचं दार उघडलं की ती पुन्हा वास घेते, त्याला मी काय करू?

ऑरिन : गेल्या महिन्यात तुझा गुडघा माझ्या कानाशी होता आणि पाद्रीबाई काचेतून हात हलवत होत्या.

लाईल : त्यांना वाटलं आपण भांडतोय.

ऑरिन : त्यांना वाटलं आपण मिठी मारतोय. रविवारच्या प्रवचनात उल्लेख केला. बंधुप्रेम म्हणून.

लाईल : ऑरिन, खरं सांगायचं ते अजून पुढेच आहे.

ऑरिन : बस. कॉफी घेणार?

लाईल : नको.

ऑरिन : घे.

लाईल : नको, उगाच त्रास कशाला.

ऑरिन : लाईल.

लाईल : अर्धा कप. तर, धक्का बसल्याबरोबर गाडीने परस्पर पोलिसांना कळवलं. मी घरी पोचून बूट काढतोय तोवर डेप्युटी किर्स्टनचा फोन. म्हणाली, तुमच्या गाडीने मासा पाडलाय, आणि गाडी सांगतेय की चालक ऑरिन स्कोग्लंड, श्वासात दारू शून्य.

ऑरिन : कारण गाडी घेताना दुकानात तूच माझं बोट नोंदवलंस. दुसरा चालक म्हणून.

लाईल : तेव्हा ती गंमत वाटली होती.

ऑरिन : तू काय म्हणालास तिला?

लाईल : ती म्हणाली, ऑरिनच चालवत होता ना? मी म्हणालो, हं.

ऑरिन : कसलं हं?

लाईल : आपल्याकडचं. ज्याचा काहीही अर्थ होतो.

ऑरिन : पोलिसांच्या कागदावर एकच होतो. मंगळवारी माझी लायसन्स परत मिळण्याची सुनावणी आहे, लाईल.

लाईल : माहीत आहे.

ऑरिन : बारा वर्षं लायसन्स नाही. मध्ये एकदा जरी विनालायसन्स गाडी चालवल्याचं निघालं, की विषय संपला, कायमचा.

लाईल : माहीत आहे रे. रात्रभर तेच माहीत होतं. डॅग्नी...

ऑरिन : माझ्या मुलीचं नाव तू आज घेऊ नकोस. प्यायलेल्या बापाने तिच्यासकट गाडी झाडावर घातली, पाय तिचा कायमचा आखडला. त्यानंतर एकदाच बोलली माझ्याशी. म्हणाली, बाबा, कुणी आणून सोडलं तर दार उघडणार नाही. स्वतः चालवत या, शुद्धीत या, मी पायरीवर उभी राहून बघेन. चाळीस मैल आहे तिचं घर. चाळीस मैलांसाठी बारा वर्षं थांबलोय मी.

लाईल : मला शिव्या दे.

ऑरिन : तिला फोन लाव. किर्स्टनला. आणि नीट, पूर्ण वाक्यात बोल.

(लाईल फोन टेबलावर ठेवतो. पलीकडचा आवाज दोघांनाही ऐकू येतो.)

किर्स्टन : बोला, लाईल. माशाचं म्हणाल तर आज डागडुजीवाले येतायत.

लाईल : गाडी ऑरिन चालवत नव्हता. मी चालवत होतो. चार ब्रँडी पिऊन.

किर्स्टन : अरे वा. भावासाठी एवढं कोण करतं आजकाल?

लाईल : मी खरं सांगतोय.

किर्स्टन : लाईल, यंत्र खोटं बोलत नाही, माणसं बोलतात. शिवाय मी बारमध्ये चौकशी केली. ड्वेन म्हणाला, लाईलने लिंबू सरबत घेतलं.

लाईल : ड्वेनने स्वतःच्या हाताने ओतली माझी ब्रँडी.

किर्स्टन : ड्वेनला बार चालवायचाय. तो दुसरं काय सांगणार?

ऑरिन : किर्स्टन, मी ऑरिन बोलतोय.

किर्स्टन : नमस्कार, ऑरिन. श्वास अगदी स्वच्छ आहे बरं का तुमचा, सतराच्या सतरा वेळा. फक्त लायसन्स नव्हतं, तेवढं एक.

ऑरिन : ही नोंद सुनावणीला जाणार?

किर्स्टन : रात्रीच गेली, आपोआप. यात मला बोट घालायला जागाच ठेवलेली नाही त्यांनी.

लाईल : मग दुरुस्ती कशी करायची?

किर्स्टन : हरकतीचा फॉर्म असतो. पण तो 'मी प्यायलो नव्हतो' म्हणणाऱ्यांसाठी आहे. 'मी प्यायलो होतो' म्हणून भांडायला अजून कुणी आलेलं नाही, म्हणून तसा रकाना नाही. तरी भरा, मी वर पाठवते. वर कोण वाचतं ते मला विचारू नका. ठेवते.

लाईल : ऑरिन, मी फॉर्म भरतो.

ऑरिन : काल मी संडासात नव्हतो.

लाईल : म्हणजे?

ऑरिन : कोट टांगतात ना, तिथे उभा होतो. तू चौथी मागवलीस ते बघितलं. आडवं यायला हवं होतं. मी उलट तू ती संपवेपर्यंत कोटाच्या आड थांबलो.

लाईल : का?

ऑरिन : तू शुद्धीत राहिला असतास, तर बटण तूच दाबलं असतंस.

लाईल : मग?

ऑरिन : बटण दाबलं की ती गाडी बोलते. 'शुभ संध्याकाळ, ऑरिन. तुम्ही गाडी चालवण्यास योग्य आहात.' बारा वर्षांत हे मला कुणी म्हणालं नव्हतं. तुला काय वाटलं, मी त्या मासळीसाठी येत होतो? तेल कसलं वापरतो तो ड्वेन.

लाईल : मला वाटलं, माझ्यासाठी येतोस.

ऑरिन : तसं वाटू दिलं तुला. तू पीत होतास आणि मी मनातल्या मनात मोजत होतो, अजून एक झाली की नक्की. दारुड्या मी होतो तेव्हा निदान स्वतःची पीत होतो.

लाईल : हे तू सुनावणीत सांगू नकोस.

ऑरिन : विचारलं तर सांगणार. आणि ते आधी तेच विचारतील, की श्वास दिलात कशाला.

लाईल : तरी मी फॉर्म भरतो. आहे का तुझ्याकडे?

ऑरिन : त्या खात्याचे सगळे फॉर्म आहेत माझ्याकडे. खालचा खण. निळा घे. आणि पेन्सिल नको, पेन.

लाईल : यात नुसतंच 'अर्जदार प्यायलेला नव्हता' असं छापलंय.

ऑरिन : ते खोड. समासात लिही. सही पूर्ण नावाने कर.

लाईल : नोकरीचं विचारलंय.

ऑरिन : निवृत्त लिही. एवढा वेळ काय लिहितोयस?

लाईल : त्यांच्या भाषेत लिहितोय, वेळ लागतो.

ऑरिन : वाच बघू.

लाईल : 'महोदय, अर्जदार लाईल स्कोग्लंड, वय बासष्ट, आपणांस नम्र विनंती करतो की, गेल्या शुक्रवारी सायंकाळी अर्जदार दारू प्यायलेला होता, हे आपल्या यंत्राने पूर्वलक्षी प्रभावाने मान्य करावे, आणि त्या वेळी सदर वाहनात आढळून आलेला स्वच्छ श्वास त्याच्या मूळ मालकास मंगळवारपूर्वी परत करण्यात यावा.'