पहिलं भांडण

नैराश्यावर औषध मागायला पहिल्यांदाच आलेली शिंपीणबाई दवाखान्यात रुमालाआड तोंड लपवून बसली होती. शेजारी नणंद-भावजय आपापल्या गोळ्या ताडून पाहत होत्या.

“तुझीनं झोप येते?”

“बसल्या जागी, वन्सं. आधीचीनं नुसतं मळमळायचं. तुमची?”

“झोप नाही, पण तोंडाला कोरड. जीभ टाळूला चिकटते.”

“तरीच घरात शांतता आहे.”

“बघ, कशी बोलतेस. आधी मेली भिंतीकडे तोंड करून पडायचीस.”

“या गोळीनंही तीन आठवडे ढिम्म फरक नव्हता. मग एका सकाळी तुमच्याशी कचाकचा भांडले.”

“दोन वर्षांनी पहिल्यांदा. दादा आनंदानं रडला गं.”

शिंपीणबाईनं रुमाल खाली घेतला.

“आणि जावेशी भांडायचं असेल, तर किती आठवडे?”