पत्र्यावर बसून वाचलेली श्रद्धांजली

बायकोच्या वर्षश्राद्धाचं सामान घेऊन सोलापूर स्टँडवर माढ्याच्या गाडीला थांबलो होतो. पुढं दोघी बोलत होत्या.

“केसरबाई, पुरात तू गेलीस म्हणून गावच्या ग्रुपवर आलं हुतं की!”

“गेले कुटं? पत्र्यावर बसले हुते. होडी पाठवा म्हणून मीच माझा फोटू ग्रुपवर टाकला. त्रिंबकनं न वाचताच श्रद्धांजली टाकली. मग काय, सगळ्यांनी हात जोडले.”

“मेले वाचत न्हाईत बघ!”

“तुझंबी फूल हुतं त्यात, गंगम्मा.”

“अगं… मग होडी कुणी आणली?”

“नव्या पेठेतल्या भाच्यानं. घरचं कुणी उचलंल म्हणून माझ्याच नंबरवर फोन केला. इचारलं, मावशीची माती किती वाजता हाय?”

“मग?”

“म्हटलं, आधी होडी घिऊन ये, मग ठरवू.”