परशुरामशेठचा भरदुपारचा दिवा

मंडळी, एक विचारते. घाबरू नका, वर्गणी नाही मागत! माणसाच्या डोक्यावर कर्ज झालं. फिटेना. आता त्या माणसाचं पाप कोणतं? कर्ज झालं, हे? फिटलं नाही, हे? की आणखी काही?

बोला की! सगळे वर काय बघताय? छताला उत्तर लिहिलेलं नाही. बरं, ऐका तर मग. हे पुराणातलं आख्यान नाही. पुराणात पतसंस्था नव्हत्या.

कासारवेढे नावाचं गाव. तिथे परशुराम ढमाले, लग्नाचे मंडप घालणारे. घराच्या पुढच्या खोलीतच दुकान. माणूस सरळ, हात सढळ, आणि डोकं... डोकं हौशी! कुठल्याशा लग्नात त्यांनी नवरदेवाची बग्गी पाहिली. म्हणाले, "घोड्याची कुणीही आणेल. आपली हंसाची!" अंगणातच बांधून घेतली! पांढराशुभ्र हंस, पसरलेले पंख, डोळ्यांत लाल दिवे — आणि मान? मान एवढी उंच, की गावच्या वेशीतून जाईना! अहो, मंडपवाला माणूस, लोकांची अंगणं मोजत फिरतो, आणि स्वतःच्या गावची वेस मोजायची राहिली! पेटीवाले, हसू नका. मघाशी रिक्षात तुमची पेटी बसत नव्हती, ती मी पाहिलीय.

या हंसासाठी पतसंस्थेचं कर्ज. हंसाच्या आसनाला मखमल चंपकशेठ कापडवाल्यांची, तीही उधार. पतसंस्था म्हणाली, जामीन आणा. जामीन कोण? थोरली बहीण, वेणूअक्का. एकटी बाई. नवरा गेल्यावर पापड लाटलाटून दोन खोल्यांचं घर राखलेलं. कर्ज कशासाठी, हेसुद्धा तिने विचारलं नाही. "परशा, सही कुठं करू?" एवढंच! आणि कागद काय सांगतो? परशाने भरलं नाही, तर घर अक्काचं जाणार. हे लक्षात ठेवा, मंडळी. परशुरामशेठ विसरले, तुम्ही विसरू नका.

हंस अंगणात उभा, हप्ते थकले. मग सल्ले सुरू! कर्जात बुडालेल्याला उसनं कुणी देत नाही, सल्ला मात्र बिनव्याजी. मेहुणा म्हणाला, "दुसरं कर्ज काढा, पहिलं फेडा." म्हणजे गळक्या घागरीतलं पाणी दुसऱ्या गळक्या घागरीत! बायको, चंद्रावहिनी, म्हणाली, "अहो, पतसंस्थेच्या लोंढेसाहेबांना सरळ सांगा ना, जमत नाही म्हणून."

"त्यांच्यापुढे कुठल्या तोंडानं जाऊ?"

आता हा काय प्रश्न झाला? आहे त्याच तोंडानं! दुसरं कुठून आणणार?

वकिलांकडे गेले. वकील म्हणाले, "नादारीचा अर्ज करू. माझ्यापाशी फेडायला काही नाही, असं कोर्टापुढे सांगायचं." मंडळी, कायदा वाईट नाही हं. ज्याचं खरंच सगळं संपलंय, त्याच्यासाठीच ते दार ठेवलंय. पण फी ऐकली मात्र, परशुरामशेठ उठलेच! "एवढे असते तर नादार कशाला झालो असतो?" वकील मागून ओरडताहेत, "अहो, जामीनदाराचं काय होतं ते तरी ऐकून जा!" — कोण ऐकतो!

वाटेत भेटले म्हातारे आत्माराम मुनीम. म्हणाले, "वकील कशाला? पूर्वी हे फुकटात व्हायचं! दुकानाची गादी उलटी करायची आणि भरदिवसा दिवा लावायचा. घेणेकरी काय ते समजायचे, मुकाट परत जायचे. दिवाळं हा शब्द आला कुठून मग?" शब्द तिथूनच आला की नाही, मला ठाऊक नाही. पण फुकट म्हटल्यावर परशुरामशेठना पटलं!

दुसऱ्या दिवशी चंद्रावहिनी गिरणीत गेल्या. यांनी गादी उलटी केली. जमिनीवर पणती लावली. उत्तरेकडून वारा येत होता, दिवा विझायला लागला, म्हणून वात फिरवली — दक्षिणेकडे! आणि स्वतः मंडपाच्या कनातींमागे लपून बसले.

बघा, बायका हसल्या! पुरुष अजून विचार करताहेत. अहो, घरात जमिनीवर, दक्षिणेला तोंड करून दिवा कधी लावतात? माणूस गेल्यावर!

शेजारच्या गिरिजाकाकूंनी पाहिलं. दिवा दक्षिणेला, गादी उलटी, दुकानात सामसूम. काकूंनी हंबरडाच फोडला, "गेला गं बाई परशा!"

झालं! गाव लोटलं. प्रेत कुठंय, हे विचारायचं कुणाला सुचलंच नाही! चंपकशेठ आले, डोळे पुसत. लोंढेसाहेब आले, टोपी काढून. पिठलं-भाकरी आली. चंद्रावहिनी पिठाचा डबा घेऊन दारात, "अगं बाई, कोण गेलं?"

"तुझा नवरा!"

डबा सुटला! पिठात माखलेली ती माउली किंचाळत आत धावली — आणि कनातीमागून हात आला.

"ओरडू नकोस!"

"अहो, तुम्ही... जिवंत?"

"हळू! लोंढे रडतोय. रडू दे त्याला!"

"लाज नाही वाटत? बाहेर या!"

"चंद्रा, जरा विचार कर. मेलो तर सुटलो! मेलेल्याकडे कोण मागतं?"

बघा मंडळी, कर्ज माणसाला कुठवर नेतं! दिवाळं काढायला निघालेला माणूस, त्याला मरण स्वस्त वाटायला लागलं! वहिनी रागाने बोलणार, तेवढ्यात बाहेर वेणूअक्का आल्या. हात पिठूळ, पापडाचं काम टाकून धावत आलेल्या. रडल्या नाहीत. खाली बसल्या. कनातीला भोक होतं, त्यातून परशुरामशेठना सगळं दिसतंय.

लोंढेसाहेब जवळ सरकले. माणूस वाईट नव्हता हो, नोकरी वाईट. "अक्का, आज बोलू नये. पण... जामीन तुम्ही आहात. तेरावं होऊ द्या, मग बघू."

अक्का म्हणाल्या, "तेरावं कशाला? कागद आणा, घर घ्या. माझा परशा लोकांचं बुडवून गेला, असं त्याच्या माघारी कुणी म्हणायला नको. पापड काय, मी कुणाच्याही ओसरीवर लाटीन."

तबलजी, जरा थांबा. इथे ठेका नको.

कनातीमागे त्या माणसाचं काय झालं असेल? सावकार चुकवले, वकील चुकवले, गाव चुकवलं. आणि सगळं जाऊन पडलं कुणावर? जिने 'सही कुठं करू' एवढंच विचारलं, तिच्यावर!

ऋण केले ज्या हातांनी ।
तेचि जोडावे पुढे येऊनी ।
तोंड लपवी जो कोनी ।
देवा तो कैसा सापडे ॥

"अक्काऽऽ!" करून परशुरामशेठ बाहेर आले — पांढऱ्या कनातीत गुंडाळलेले, डोक्यापासून पायापर्यंत! मग काय विचारता! चंपकशेठ "भूत! भूत!" करत हंसाच्या बग्गीत चढले. लोंढेसाहेब दोन्ही हात जोडून, "हप्ता माफ! हप्ता माफ!"

एकट्या अक्का पुढे झाल्या. गालाला हात लावला. "जिवंत आहेस?"

"हो अक्का."

फाडकन थोबाडीत! आणि मग मिठी. आधी रडू नाही, ते सगळं तेव्हा.

"अक्का, तुझं घर मी घालवत होतो गं! लोंढेसाहेब, बसा. चंपकशेठ, खाली उतरा. आज सगळे एकत्र आलाच आहात. मी प्रत्येकाला वेगळी थाप मारलीय, आता सगळ्यांदेखत एकदाच खरं सांगतो."

दुखवट्याची सतरंजी, मंडळी, आणि तिच्यावर देण्याघेण्याची बैठक! पिठलं खात खात! परशुरामशेठनी सगळं देणं सांगितलं. जमेल तेवढं कबूल केलं. लोंढे म्हणाले, "माफीचं मी घाबरून बोललो हं! पण हप्ता लहान करून मुदत वाढवता येते. अहो, हेच सांगायला मी इतके दिवस येत होतो, तुम्ही मागल्या दारानं पळायचात!" चंपकशेठनी मखमल परत घेतली. आणि हंस? हंसाची मान सर्वानुमते कापली. वरातीत बदक म्हणून चालतो आता, चांगला चालतो!

अक्कांनी एकच विचारलं, "साहेब, घर राहिलं का?"

"हप्ते भरलेत तर राहिलं, अक्का."

अक्का भावाकडे वळल्या. "ऐकलंस? आता हप्त्याच्या दिवशी मीच येत जाईन तुझ्याबरोबर. तोंड दाखवायला एकट्याला जड जातं."

मिळालं उत्तर? कर्ज होणं हे पाप नव्हे. न फिटणंही नव्हे; त्यावर वाटा आहेत, मुदत आहे, अगदीच संपलं तर कोर्टही आहे. पाप ते लपणं! कारण लपणाऱ्याच्या जागी उभं कुणाला राहावं लागतं? जो आपल्यावर माया करतो, त्याला!

आता तुमच्याकडे येते. तुमच्या कुठल्या कागदावर कुणाची सही आहे? बहिणीची? सासऱ्यांची? शेजारच्या मित्राची? त्याला खरी गोष्ट सांगितलीय? की 'सगळं ठीक चाललंय'? पहिल्या रांगेतले, खाली बघू नका, मी नाव घेतलेलं नाही! कीर्तनातून मधेच उठू नये म्हणतात. पण या कामासाठी कुणाला आत्ता उठावंसं वाटलं, तर खुशाल उठा. आरतीला आम्ही थांबतो. देवही थांबेल.

... हं? कोण उठलं तिकडे?

अहो, पाय आवरा! वाट द्या त्यांना, वाट द्या!