दादूची मगर

...अन् वर मलाच म्हणतो, "हलू नका हो, मगर बुजते!" तुम्हाला सांगतो, सकाळपासनं झाडासारखा उभा होतो मी, आणखी काय मुळं फोडू? हा आबाजी, कोकणातला होडीवाला, बेटावरची जनावरं दाखवायचं काम त्याचं. तो पुढं, पिंपरीच्या कारखान्यातली मंडळी मागं. चिखलात पोट घासल्याची खूण दिसली की हा ओरडणार, "आत्ता इथंच होती!"

मी कुठला कारखान्यातला! चाकणजवळच्या महाळुंग्यात बैल हाकणारा मी. कारखान्यात कामाला होता थोरला भाऊ, दादू; सहलीत नाव त्याचं. वर्षभर त्याचं एकच, "गेनबा, तिथं जिती मगर हाय म्हणं, बघून येतो!" अन् मागल्या महिन्यात तापानं तोच गेला... असो. दहाव्याला नदीवर पिंड ठेवला, तर कावळा शिवंना! चुलता म्हणाला, "दादू, तुझ्या बायकोला अंतर देणार न्हाई." कावळा ढिम्म! "पोरांना शिकवू." ढिम्म! ऊन डोक्यावर, भटजी घामाघूम, तानावहिनी पदरात तोंड खुपसून बसलेली... मला काय सुचलं कुणास ठाऊक, ओरडलो, "दादू, तुझी मगर मी बघून येतो, जा आता!" अन् कावळा झाडावरनं थेट पिंडावर! सांगा, आता मगर न बघता कुठल्या तोंडानं घरी जाऊ?

म्हणून फिरतोय. माकडं? "आत्ता इथंच होती!" कासवं? "आत्ता इथंच होती!" शेवटी मगरीची बसायची जागा दाखवली. ओली, दबलेली, रिकामी. मी हात लावून बघितला. दादूच्या अंथरुणालाबी असाच लावला होता... आत्ता इथंच होता.

होडी सुटायची वेळ झाली. वहिनीनं दिलेली भाकरी सोडली, पहिला घास तोंडाजवळ नेला अन् झडप! अर्धी भाकरी गायब! कोण? कावळा! एवढा समुद्र, एवढं रान, अन् दिवसभरात धड दिसलं ते हे जनावर! ह्याला काय चाकणात दुष्काळ होता? बसलाय फांदीवर, मान वाकडी करून माझ्याकडं बघत. अन् दुसऱ्याच्या हातातली भाकरी ओढायची खोड कुणाची होती, सांगू?

आबाजी धावला, "हाकला हो त्याला!"

म्हटलं, राहू द्या. उरलेली अर्धीबी ठेवली त्याच्यापुढं.

"दादू, तुला स्वतःच यायचं होतं, तर मला कशाला शब्दात अडकवलंस रं?"