भाकरीचे माप

न्यायालयाबाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी नळदुर्गजवळच्या ढाब्याचे माणिकप्पा आणि त्यांच्या पत्नी शिवकांता साक्षीसाठी बसले होते. ढाब्यावर लुटारूंनी गोळीबार केला होता. बंदूक सापडली नव्हती. पुरावा म्हणून आठवण मला कमकुवत वाटते, तरीही मी ऐकत राहिलो.

“अवो, वकीलसाहेब काय म्हणाले, ध्यानात हाय न्हवं?”

“व्हय. एकदाच चाप दाबून लागोपाठ गोळ्या सुटल्या असं ठरलं, तर शिक्षा लई वाढती.”

“मग किती भराभर सुटल्या म्हणून सांगणार?”

“तू भाकरी थापतीस, तेच्या तिप्पट.”

“कोर्टात माझी भाकरी काढू नका!”

“तीस वर्षं तीच ऐकतोय. दुसरं माप कुठून आणू?”

“लुटारूंचा वकील विचारंल, त्या वक्ताला थापणं ऐकू येत होतं का?”

“गोळ्या सुटायच्या आधी येत होतं. गोळ्या थांबल्या, तरी येईना.”

“मग?”

“मग काय! पळणाऱ्यांकडं बघितलंच न्हाय म्या. कान चुलीकडं लावून बसलो. लई वेळानं एक थाप आली.”

“गळ्यातनं आवाजच फुटंना माझ्या. तुमी ऐकताव, ठावं होतं. म्हणून तर रिकामी परात थापली म्या.”