गुंडे

त्र्याण्णव सालच्या दिवाळीनंतर सीमेपलीकडच्या तेलुगू मुलखातल्या गुडीहत्नूरच्या शाळेत हृदयरोगाचं शिबिर भरलं. सिस्टरचं तक्ता दाखवून तेलुगूत सांगणं संपलं आणि तपासणीची रांग लागली. रांगेतल्या जयवंताबाई मास्तरणीच्या मागं एक म्हातारं जोडपं कुजबुजत होतं.

"अवो, ते सिस्टरबाई घडीघडी गुंडे गुंडे काऊन म्हणे? गावात गुंडे शिरले का काय?"

"अवं देवके, तेलुगूत गुंडे म्हंजे काळीज."

"असं होय! मंग काळजाचं काय सांगे?"

"बिडी सोडा, मीठ कमी करा. अन् छातीत दुखलं तं लपवू नका म्हणे."

"तुमी लपवता?"

"रांग सरकली पाह्य. चाल."

"मी काय इचारून राह्यली?"

"कापसाचं गाठोडं उचललं का दुखते जरासं. बसलं का थांबते."

"कवापासून?"

"दसऱ्यापासून."

"अन् मले आज सांगता! मी येडी, तुमाले आवडते म्हणून ठेच्यात मीठ जास्तच टाकून राह्यली."

"म्हणून तं दोन भाकरी जात होत्या."

"आता दोघंबी अळणी खाऊ."

"तुले काऊन? तू तं धडधाकट हायस."

"तुमाले अळणी वाढून माह्या नरड्याखाली खारं उतरन का?"

जयवंताबाई बाजूला सरकल्या. "आजी, तुम्ही आधी जा."

टेबलापाशी सिस्टरनं वही उघडली. "पेशंट का नाम?"

म्हातारीनं नवऱ्याचं नाव जन्मात तोंडानं घेतलं नसावं. तिनं पदर सावरला, त्याला दंडाला धरून पुढं केलं.

"लिवा, माहं गुंडे."